अडीचवर चालणारं पातेलं

दत्तूकाकांसमोर पेढ्यांचं ताट कधी धरू नका. मी माझ्या मुलीच्या बारशाला धरलं होतं. साधारण माणूस काय करतो? एक पेढा उचलतो, नाव छान ठेवलंत म्हणतो आणि पुढे सरकतो. काकांनी ताटच माझ्या हातातून काढून घेतलं, डोळ्यांसमोर आणलं आणि हळूहळू हलवायला लागले. पेढे सरकत सरकत एका कडेला गेले. त्यातले दोन उपडे झाले. काका त्या दोघांकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता ओरडतात त्यांच्यावर. मग ताट परत देत गंभीरपणे म्हणाले, "तुझी काय चूक न्हाय, बाय. ताटाला काठ बरोबर न्हाय." आणि पेढा न घेताच गेले.

सुपारी, वाटाणे, शर्टाची बटणं, काहीही सुटं दिसलं की हा माणूस ते ताटलीत घेऊन हलवणार. वेडाचा झटका नव्हे हो. चौतीस वर्षांची नोकरी आहे ही.

काका दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. तिथं काडतुसं भरायच्या प्रेसवर एक भलं मोठं थरथरणारं भांडं असायचं. त्यात बंदुकीच्या गोळ्या ओतायच्या. भांडं थरथरलं की गोळ्या आतल्या कडेकडेनं एकामागून एक वर चढायच्या, नळीतून खाली यायच्या आणि दारू भरलेल्या काडतुसावर एकेक येऊन बसायच्या. बसताना गोळीचं नाक, म्हणजे टोक, वर पाहिजे; म्हणून वाटेत एक खाच असायची, उलटी गोळी तिथून परत भांड्यात पडायची. खाच चुकवून एक जरी गोळी उलटी आली तरी सगळी लाइन बंद, आणि पांढऱ्या शर्टातला साहेब पळत येणार. चौतीस वर्षं काकांनी फक्त नाक वर आहे की नाही एवढंच बघितलं. आता निवृत्त होऊन गावी आले तरी डोळा तोच. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं आहेत, नाक वर आलेली आणि उलटी आलेली. आमच्या सरपंचांना ते दुसऱ्या जातीत धरतात.

मी मांडव्याच्या जेट्टीवर तिकीट खिडकीत बसते. एकदा काका कामानिमित्त मुंबईला निघाले होते. बोटीची वेळ झाली, फाटक उघडलं आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. कोण बॅग पुढे करून घुसतोय, कोण मागे वळून बायकोला हाका मारतोय. काका बाजूला उभे राहून हे बघत बसले. बोट सुटली तरी हे जेट्टीवरच! मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "फाटकाच्या अलीकडे एक खाच पाडायला सांग तुझ्या साहेबाला. जो पाठमोरा येईल तो आपोआप समुद्रात पडंल, सरळ येईल तो बोटीत जाईल." मी म्हटलं, काका, ती माणसं आहेत. त्यावर ते म्हणाले की ते त्यांच्या लक्षात आहे, पण पद्धत तीच.

रेवसच्या रस्त्याला आमचं गाव, आणि आमच्या घराला लागून काकांचं घर. घरात काका आणि त्यांची मोठी बहीण हिराआक्का, दोघंच. काकांनी लग्न केलं नाही. आक्काचा नवरा फार लवकर गेला. आक्का पागाला शिसं लावते. पाग म्हणजे खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गोल फेकतात ते जाळं. त्याच्या काठाच्या दोरीला शिशाचे तुकडे लावलेले असतात, म्हणून ते पाण्यात झपकन बसतं. तुकडा बोटाच्या पेराएवढा. एका अंगाला चीर, दुसऱ्या अंगाला जाड पाठ. चिरीत दोरी बसवायची आणि तुकडा दाबून बंद करायचा. एका पागाला असे चारशेच्या वर तुकडे.

आता दाबून बंद करायचा म्हणजे कशानं? पकडीनं दोरी कापते. आक्का दातांनी करायची. कच्च, झालं. कच्च, झालं. रेवसपासून किहीमपर्यंतचे लोक पाग घेऊन तिच्याकडेच येतात, कारण तिनं चावलेलं शिसं सुटत नाही. जन्मभर ती शिसं चावत आली.

मागच्या वर्षी तिच्या पोटात कळा यायला लागल्या आणि हात थरथरायला लागले. अलिबागच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून बघितलं. हिरड्यांवर काळी रेघ होती. रक्त तपासलं आणि स्पष्टच सांगितलं की शिसं रक्तात गेलंय, यापुढे शिशाचा कण तोंडात जाता कामा नये, नाहीतर ही बाई वर्ष काढणार नाही. आक्कानं सगळं ऐकून घेतलं, घरी आली आणि पाग पुढ्यात ओढून बसली. काकांनी तो हिसकावला तर तिनं दोन दिवस जेवण सोडलं. तिचं म्हणणं एवढंच की बोचक्यासारखं कोपऱ्यात बसून जगण्यापेक्षा ती कामावर मरेल.

काकांनी आठवड्याभरात प्रेस बनवला. लहानसा, पायानं दाबायचा. पाय दाबला की दोन लोखंडी जबडे दोन्हीकडून येऊन शिसं दोरीवर बंद करतात. मी स्वतः ओढून बघितलं, सुटत नाही. मला इतका आनंद झाला की मी गल्लीत पेढे वाटायला निघाले होते, पण काकांच्या हातात ताट जाईल म्हणून बर्फी वाटली.

आणि इथंच सगळं संपायला हवं होतं ना? आक्काचे दात सुटले, काम राहिलं. पण काका काही थांबेनात. त्यांनी एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं, त्याच्या आतून कडेकडेनं पत्र्याची चढती वाट बसवली, खाली जुन्या मिक्सरची मोटर आणि मोटरच्या दांड्याला एका बाजूला जड नट. मोटर फिरली की पातेलं थरथरायचं. त्यात शिशाचे तुकडे ओतले की ते वाटेनं वर चढायचे. वर एके ठिकाणी त्यांनी खाच पाडली होती, उलटा तुकडा तिथून घसरून परत पातेल्यात पडावा म्हणून. सरळ तुकडा नळीतून थेट प्रेसमधल्या दोरीवर. पाठ वर, चीर खाली. पाठीला काका अर्थातच नाक म्हणायचे.

पण ते जमेना. वेग जास्त झाला की तुकडे लाह्यांसारखे उडायचे. कमी झाला की रांग लावून वाटेतच बसायचे. मग काकांनी पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडला. दोनवर हलत नाहीत, तीनवर उडतात, बरोबर अडीचवर चालतात हे शोधायला त्यांना महिना लागला. ते लागलं तर दुसरंच संकट. गल्लीत कुणी पाण्याचा पंप लावला की विजेचा दाब पडतो, पातेलं मंदावतं, आणि मंदावलेल्या पातेल्यात उलटा तुकडा खाचेवरून न पडता पुढे सरकतो. झालं! काका दारोदार फिरायला लागले. पंप कधी लावता, इस्त्री किती वेळ करता, सगळ्यांची चौकशी. माझ्या चटणीवर तर बंदीच आली. दहा ते बारा मिक्सर लावायचा नाही.

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी सरळ जाऊन म्हटलं, काका, प्रेस चालतोय, दात वाचलेत, हातानं एकेक तुकडा ठेवायला आक्काला काय होतं? आठ महिने त्या पातेल्यापायी सगळ्या गल्लीला कशाला वेठीला धरलंय? काका माझ्यावर रागावले नाहीत. पुढच्या पडवीकडे बोट दाखवून म्हणाले, "जा. आक्काशी जरा बोलून ये."

आक्का प्रेसवर बसली होती. एक सांगते, आक्का अबोल म्हणून गावात प्रसिद्ध. मी लग्न होऊन आले त्याला अकरा वर्षं झाली, कामाच्या वेळी तिनं कधी 'हं'च्या पुढे शब्द काढला नाही. मला वाटायचं, गर्विष्ठ आहे म्हातारी. मी तिला विचारलं, आक्का, पोटाचं कसं आहे? ती म्हणाली, "हं." मी तिथंच बसून राहिले आणि पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं कंटाळून पाय थांबवला, तळहात तोंडाशी नेला आणि गालातून शिशाचे तुकडे काढले. एक, दोन, तीन. सात निघाले. मग म्हणाली, "बरं हाय."

आता मला तिच्या 'हं'चा अर्थ कळला. कामात तिचे दोन्ही हात दोरी ताणण्यात अडकलेले. वाटीत हात घालायचा तर दोरी सोडावी लागते, पीळ बिघडतो. म्हणून शिंपी तोंडात टाचण्या धरतो तसं ती शिसं गालात धरायची आणि दोरी न सोडता ओठांतून एकेक बोटांत घ्यायची. प्रेसनं तिचे दात वाचवले होते, पण शिसं तोंडातच होतं. काका गेले आठ महिने ते बाहेर काढायला धडपडत होते. त्या दिवसापासून मी काकांची हवालदार झाले. गल्लीत कुणाचा पंप वाजला की मीच धावत जायची.

पातेलं अखेर तयार झालं तेव्हा आक्कानं अट घातली. एक पुरा पाग करून दाखवायचा. एक जरी तुकडा उलटा आला तरी मशीन भंगारात, आणि पुन्हा तिला कुणी अडवायचं नाही. काकांनी मान्य केलं. मी म्हटलं, काका, दहापर्यंत सूट मागा. ते म्हणाले, कारखान्यात सूट नव्हती.

मंगळवार ठरला. मी अर्धी रजा काढली. सकाळी घरोघर जाऊन सगळ्यांना सांगून आले, दहा ते बारा काही लावू नका. सगळे कबूल झाले, निम्म्यांचे पाग आक्काकडेच होते. दहाला काकांनी बटण दाबलं. पातेलं घुमायला लागलं आणि तुकडे डोलत डोलत वाटेला लागले. उलटे खाचेवरून टपकन खाली, सरळ नळीत. टक, दोरीवर. आक्काचा पाय, कच्च. टक, कच्च. मी मोजत होते. पन्नास झाले, शंभर झाले. एकही उलटा नाही.

आणि मग आक्का बोलायला लागली हो! तोंड रिकामं होतं ना. आधी दोरी वाईट आहे म्हणून दुकानदाराला शिव्या दिल्या. मग तिच्या लग्नात होडी कशी उलटली आणि वरात भिजून कशी आली, ते. मग सासूच्या नकला. ती थांबेचना. हात चालू, पाय चालू, तोंड चालू. मी हसून हसून पोट धरलं. काका मात्र नळीवरून नजर काढत नव्हते, पण त्यांचाही ओठ हलत होता.

तीनशेच्या पुढे गेलो आणि पातेल्याचा आवाज खाली आला. मला आधी कळेचना. मग आमच्या स्वयंपाकघरातून घर्रर्र ऐकू आलं. सगळ्या गल्लीला सांगितलं होतं मी, फक्त माझ्या सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. त्या खोबऱ्याचं वाटण करत होत्या. मी उठेपर्यंत एक उलटा तुकडा आळसावल्यासारखा खाचेवरून पुढे सरकला आणि नळीत गेला. मी बघितला. काकांनी बघितला. तो दोरीवर आला, चीर वर करून.

आक्कानं गोष्ट न थांबवता बोटानं तो फिरवला आणि पाय दाबला. कच्च.

वाटण संपलं, पातेलं पुन्हा घुमायला लागलं आणि पागही पुरा झाला. आक्कानं शेवटची गाठ मारली. मी टाळ्या वाजवणार होते. काकांनी वायर काढली, पाना घेतला आणि पातेल्याचा पहिला नट सैल करायला लागले.

"एक उलटा आला," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं, आक्का."

"बघितला मी. पाना ठेव खाली." काकांनी ठेवला नाही. तशी ती म्हणाली, "दत्त्या, तू नोकरीला जायच्या आधी हितंच समोर बसून मला एकेक शिसं द्यायचास. दिवसाला धा-पंधरा तरी उलटं द्यायचास. तुला काय भंगारात टाकला व्हता मी?"

काकांनी पाना खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मी गेल्यावरच गालात ठेवायला लागलीस तू."

"मग तिसरा हात कुठून आणू?" आक्कानं साधेपणानं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

त्यावर काका खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून रडले. मलाही आवरेना. आक्का आम्हा दोघांकडेही न बघता पुढचा पाग उलगडत होती आणि वरातीची राहिलेली गोष्ट पहिल्यापासून सांगत होती.