समोरच्याचं म्हणणं

"ताई, दाजींना सांग, मीठ इकडे सरकवा."

मीठ दाजींच्या कोपरापाशी होतं आणि दाजींचं कोपर धाकट्याच्या कोपरापाशी. तरी ताईने निरोप घेतला, मान वळवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मीठ द्या त्याला."

"त्याला म्हणावं, हात झडलेत का तुझे? घे की."

"ते म्हणतायत, घे बाळा," ताईने भावाला सांगितलं.

गेले कित्येक महिने असंच चाललं होतं. ताई एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण. त्या दोघांचं मिळून घड्याळांचं दुकान होतं, विक्री आणि दुरुस्ती. आई गेल्यापासून धाकटा ताईकडेच राहायचा आणि जेवायचा, त्यामुळे अबोला धरायलाही दोघांना एकाच टेबलावर बसावं लागे. निरोप इकडून तिकडे नेताना ताई त्यातले खडे निवडून बाजूला टाकायची. 'मूर्ख आहे' असं निघालेलं वाक्य पोचताना 'विचार करतोय' झालेलं असे.

भांडण होतं भिंतीवरच्या घड्याळांवरून. विकायला टांगलेली घड्याळं चालू ठेवायची की बंद? दाजींचं म्हणणं, चालू. धाकट्याचं म्हणणं, सेल काढायचे आणि सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर लावायचे. घड्याळ हसल्यासारखं दिसतं. एकाने सेल घालावेत, दुसऱ्याने ते काढावेत. एवढ्याशा गोष्टीवरून आधी आवाज चढले, मग जुनी उणीदुणी निघाली, मग दोघांच्या तोंडाला कुलूप लागलं. आणि आता तर कहर झाला होता. दुकानाच्या मधोमध फळी घालून दोन दुकानं करायची, असं दोघांनी ताईच्या मार्फत ठरवलं होतं. सुतार मापं घेऊन गेला होता. शुक्रवारी तो फळी घेऊन येणार होता.

"फळी घातलीत तर मी डबा कुठल्या बाजूला आणू?" ताईने विचारलं होतं.

तेव्हा दाजी चपला शोधत होते आणि धाकटा पाणी पीत होता. मग तिने पुन्हा एकदा विचारलं. दाजी म्हणाले, "हो हो." धाकटा म्हणाला, "बघू." ताईने डोक्याला हात लावला. दोघांसाठी एकच डबा जायचा. आज फळी दुकानात येणार, उद्या डब्यात येणार आणि परवा धाकटा दुसरीकडे खोली बघणार, हे तिला लख्ख दिसत होतं. पण ती टपाल होती. टपालाला कोण विचारतं?

या घरातून सुटका म्हणून ती दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जायची. तिथे तत्त्वज्ञानाच्या गप्पांची बैठक भरे. मोठं शिक्षण लागत नसे, फक्त आपली खुर्ची आपण उलगडावी लागे. खरं म्हणजे काय, माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो का, असे विषय निघत. बैठक चालवायचे एक निवृत्त बस कंडक्टर. नोकरी सुटली तरी तिकिटाला भोक पाडायचा पंच त्यांनी सोडला नव्हता. तो वाजल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

"आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं," ते नव्या माणसाला बजावत. "तो 'बरोबर' म्हणाला की मी पंच वाजवणार. मगच तुमची गाडी सोडायची. तोवर थांब्यावर उभं राहायचं."

फळीच्या आदल्या गुरुवारी ताईने आयुष्यात पहिल्यांदा निरोपात भेसळ केली, म्हणजे गोड सोडून दुसरी. दाजींना म्हणाली, "तो म्हणतोय, तुम्ही बैठकीला आलात तर चार माणसांत तुमचं काही चालणार नाही." धाकट्याला म्हणाली, "ते म्हणतायत, तू यायला घाबरशील."

दोघं तिच्या आधी पोचले.

ताईकडून सगळं आधीच ऐकलेल्या कंडक्टरकाकांनी विषय फळ्यावर लिहिला : 'जे चालत नाही ते घड्याळ का?' मग पंच उगारून म्हणाले, "दाजी, आधी मेहुण्यांचं म्हणणं सांगा."

"याचं म्हणणं," दाजी उठून उभे राहिले, "की सेल वाचवावेत आणि भिंतीवर मढी टांगावीत."

"चूक," धाकटा म्हणाला.

"याचं म्हणणं, याला सेल बदलायचा, वेळ लावायचा कंटाळा आहे."

"चूक!"

"मग काय आहे बुवा याचं म्हणणं?" दाजींनी विचारलं, आणि सगळे खुर्चीत पुढे सरकले. कारण हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता. ते डोकं खाजवत उभे राहिले. दुकानात येणारं गिऱ्हाईक त्यांनी मनात आणलं. "म्हणजे बघा. घड्याळ चालू असलं की गिऱ्हाईक वर बघतं, बाप रे उशीर झाला म्हणतं आणि निघून जातं. ते वेळ बघतं. घड्याळ बंद असलं, की मग ते घड्याळ बघतं."

धाकट्याने आ वासला. "बरोबर," तो म्हणाला. "मला स्वतःलाही हे इतकं नीट कळलं नव्हतं."

खट्, पंच वाजला. आता पाळी धाकट्याची. त्यालाही दोन वेळा 'चूक' ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा त्याची नजर खोलीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंवर गेली आणि त्याला सुचलं. "दुरुस्तीच्या दुकानात भिंतभर बंद घड्याळं म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या तोंडाचं बोळकं. आत कोण पाऊल टाकेल?"

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. सगळे दात दिसले. दाजी हळूच म्हणाले, "बरोबर. अगदी हेच म्हणायचं होतं मला."

टाळ्या पडल्या. घरी येताना दोघं आपापल्याच विचारात चालले. जेवताना धाकट्याने मीठसुद्धा मागितलं नाही. ताईला वाटलं, संपलं एकदाचं. सुताराला कळवायचं मात्र तिच्या ध्यानात राहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी धाकटा लवकर उठून दुकानात गेला. रात्रभर त्याला ते बोळकं डोळ्यांपुढे दिसत होतं. त्याने एकूणएक घड्याळात सेल घातले, घाईत काटे अंदाजानेच फिरवले आणि दाजी बघून खूश होतील म्हणून हात चोळत मागे चहा आणायला गेला.

इकडे दाजीही खुशीत आले. आपण आजपासून घड्याळं बंद ठेवू, पोराला बरं वाटेल, असं ठरवूनच ते आले होते. दार उघडतात तो काय, भिंतभर टिकटिक! कालपर्यंत ज्याने एक घड्याळ चालू दिलं नाही, त्याने आज, बरोब्बर आपलं मत बदलल्यावर, सगळी चालू करावीत? दाजींच्या डोक्यात तिडीक गेली. हा सरळसरळ खोडसाळपणा! ते स्टुलावर चढले आणि सेल काढू लागले. अर्धी भिंत झाली असेल नसेल, तोच धाकटा चहा घेऊन परतला.

त्याच सुमारास सुतार फळी खांद्यावर घेऊन दारात आला, आणि त्याच्या मागोमाग घड्याळाचा पट्टा बदलायला आलेले एक आजोबा.

"सुतारमामा," धाकटा म्हणाला, "विचारा यांना, काल 'अगदी हेच म्हणायचं होतं' म्हणाले, ते नाटक होतं का?"

"मामा, सांगा त्याला," दाजी स्टुलावरून गरजले, "पटलं म्हणूनच सेल काढतोय! मला त्याचं म्हणणं पटलंय!"

"आणि मला त्यांचं पटलंय! त्यांचं स्वतःचंच म्हणणं त्यांना पटत नाही का?"

"ते माझं होतं तेव्हा होतं. घड्याळ बंद असलं की गिऱ्हाईक घड्याळ बघतं, सांगा त्याला!"

"अहो, ते वाक्य माझं आहे!"

"माझ्या तोंडून निघालं, माझं झालं!"

"मी फळ्या बसवतो," सुतार म्हणाला, "निरोप पोचवत नाही." आणि तो फळीवरच बसला.

आजोबांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. अर्धी घड्याळं आपापली वेगळी वेळ दाखवत चालली होती, अर्धी जागच्या जागी थांबली होती. "माझी बस आहे हो," ते म्हणाले. "वाजले किती?"

घड्याळांच्या दुकानात कुणालाच सांगता येईना. दाजींनी मनगटाकडे पाहिलं, पण त्यांचं स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला उघडून ठेवलेलं होतं. धाकट्याने एका घड्याळाकडे बोट दाखवलं, दाजींनी दुसऱ्याकडे. आजोबा पट्टा न बदलताच शेजारच्या दुकानात वेळ विचारायला धावले.

ताई डबा घेऊन आली ती या सगळ्यात.

"आलात बाई!" सुतार उठून उभा राहिला. "हे तुमचं खातं तुम्ही सांभाळा. आणि फळी कुठे उभी करू ते तेवढं सांगा."

"ताई, दाजींना सांग—"

"अगं, याला आधी सांग—"

ताई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि डबा मांडीवर घेतला. "मला बोलायचंय," ती म्हणाली.

"बोल की," दोघं म्हणाले.

"असं नाही. कालचा नियम. आधी माझं म्हणणं काय आहे ते तुम्ही सांगा. बरोबर असलं तर डबा उघडेन."

दाजी स्टुलावरून खाली उतरले. "तुझं म्हणणं, आम्ही भांडू नये."

"चूक. खुशाल भांडा."

"घड्याळं अर्धी चालू, अर्धी बंद ठेवावीत," धाकटा म्हणाला.

"मला घड्याळांचं काही पडलेलं नाही."

पोटात कावळे ओरडायला लागले होते. दाजी डोकं खाजवत कोपऱ्याकडे गेले. थोड्या वेळाने धाकटाही तिकडेच सरकला. परीक्षेला बसलेली दोन मुलं एकमेकांच्या पाटीत डोकावतात, तसं त्यांनी तोंड जवळ आणलं.

"ती काहीतरी म्हणाली होती रे, सुतार माप घेऊन गेला तेव्हा," दाजी कुजबुजले. "मी चपला शोधत होतो."

"दोनदा म्हणाली होती, दाजी. मी पाणी पीत होतो."

"तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो. तुम्ही?"

"हो हो म्हणालो."

दोघांनी खाली मान घातली. मान खाली घातल्यामुळे समोर ताईच्या मांडीवरचा डबा आला. एकच डबा, एकच कडी. दाजी फळीकडे बघायला लागले, मग परत डब्याकडे.

"फळी घातली तर डबा..." ते म्हणाले.

"...कुठल्या बाजूला आणू," धाकट्याने पुरं केलं.

ताईने डब्याची कडी काढली. मग म्हणाली, "बरोबर." सुताराच्या हातातला टेप त्याच वेळी सुटून खट्कन आत गेला.

फळी आडवी झाली. दोन स्टुलांवर तिचं टेबल झालं आणि चौघं जेवायला बसले. सुताराने "मी घरून खाऊन आलोय" असं एकदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

"दाजी, मीठ द्या," धाकटा म्हणाला.

"घे," दाजी म्हणाले आणि मीठ सरकवलं.

ताईने निरोप घ्यायला मान वळवली होती, पण निरोप तिच्या नाकासमोरून परस्पर निघून गेला. तिला क्षणभर नोकरी गेल्यासारखं वाटलं. पण ते सुख होतं. ती निवांत जेवायला लागली.

"पण दाजी," धाकटा घास गिळून म्हणाला, "भिंत मात्र चालूच ठेवायची हं."

"डोक्यात भुसा भरलाय तुझ्या."

धाकट्याचा घास हातातच राहिला. "दाजी! इतक्या महिन्यांत तुम्ही मला असं एकदाही बोलला नव्हतात!"

"नव्हतो? रोज सकाळ-संध्याकाळ बोलत होतो!"

"काहीतरीच! तुम्ही तर नेहमी 'घे बाळा', 'विचार कर बाळा'..."

"मी? बाळा? आणि तू जे रोज म्हणायचास, 'दाजींचा अनुभव मोठा आहे', त्याचं काय?"

"मी कधी म्हटलं?"

दोघं थांबले. मग दोघांच्या माना सावकाश, एकाच वेळी, ताईकडे वळल्या.

ताई डब्याचं झाकण लावण्यात फार गुंतलेली होती. "पंच वाजलेला नाही अजून," ती वर न बघता म्हणाली. "आधी माझं म्हणणं काय असेल, ते सांगा."