येवतीकर सर आणि मधली धूळ

एखादं पोरगं मंद आहे असं कुणी म्हटलं, की येवतीकर सर हातातलं काम टाकून उठायचे. "मंद न्हाई, मंद दिसून राहिलंय. मधी धूळ किती हाय ते मोजलं का?" एकदा हे त्यांनी थेट प्राचार्यांना ऐकवलं, तेही त्यांच्याच चिरंजीवांबद्दल. प्राचार्यांना ते कौतुक वाटलं नाही.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, कायम नोकरीत. सर भौतिकशास्त्राचे, बारा वर्षं तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये नवा अर्ज. रविवारी लातूरच्या क्लासमध्ये शिकवायचे, तिथली पोरं एवढंच विचारत, "सर, हे परीक्षेला आहे का?"

त्यांची डॉक्टरेट अतितप्त ताऱ्यांवर. हे तारे असतात निळे, पण वाटेतल्या धुळीमुळं मंद आणि तांबूस दिसतात. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र त्या धुळीतून बराचसा पार होतो. तो मोजायचा आणि ताऱ्याचं खरं तेज काढायचं. सर हे एसटीच्या कंडक्टरलाही समजावत. तो म्हणे, "हाव सर, पर जरा आत सरका."

अखेर कायम जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्यांत शिक्षकांतर्फे मीही होतो. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "या धुळीचा उपयोग काय?"

"धुळीचा न्हाई साहेब. तिच्या पल्याड जे हाय, त्याचा."

सगळे हसले. मीही हसलो. जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. निवडीच्या कागदावर माझी सही आहे.

रुजू झाल्याच्या दिवशीच भाच्यानं विचारलं, "सर, अवरक्त म्हणजे काय ओ?" सरांनी त्याला तासभर फळ्यावर शिकवलं.

महिन्याभरानं धर्माबादला एका लग्नाला गेलो, तेव्हा सर आग्रहानं तिथल्या आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या आईनं दारातच हातावर पेढा ठेवला. "गंगाधर पर्मनंट झाला न्हवं!"

मी सरांकडं पाहिलं. ते खाली बघत होते. मी पेढा तोंडात टाकला.

आई चहा घेऊन आली. "त्याला नोकरी लागंस्तोवर साखर सोडली व्हती म्या. बारा वर्सं. लई वाळले म्हून डागदर बी बोलायचा. आता गोड च्या पिऊन राहिले बगा."

आणि तिनं बशीत फुंकर घातली.

"आये, आजून घे," सर म्हणाले आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्यांनी तिच्या बशीत ओतला.