साडूंना न सांगायचं बेट

गर्दीच्या ठिकाणी जाऊन फोटो काढणाऱ्यांतला मी नव्हे! यंदा मी असं बेट शोधलं, की प्रवासी कंपनीतल्या बाईंनी मलाच विचारलं, "हे नक्की आहे कुठे?" नारळाची झाडं, निळं पाणी आणि सर्फिंगला हव्या तशा लाटा. मला पोहता येत नाही, हा किरकोळ मुद्दा. खरा मुद्दा होता साडूंचा.

आमचे साडू दंतवैद्य आहेत. मी एखाद्या डोंगराचं नाव काढावं, तर त्यांचा शिखरावरचा फोटो आधीच आलेला असतो. आयुष्यात एकदा तरी मला त्यांच्याआधी कुठेतरी पोहोचायचं होतं. बायकोला बजावलं, "तुझ्या ताईला एक अक्षर बोलू नकोस."

"छे हो, मी कशाला सांगतेय?" ती म्हणाली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळीच साडूंचा फोन आला.

"बेट म्हणे झकास शोधलंत. आम्हीही येतो!"

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. अपघात कसा रंगवायचा, हे मला कुणी शिकवायला नको. मी आवाज खाली आणला.

"येऊ नका. किनाऱ्यालगत शार्क आहेत."

"शार्कचे दात? तो तर माझाच प्रांत."

"बेटावर डॉक्टर नाही."

"मी आहे की."

"अहो, लाटेत गेलेला माणूस सापडत नाही. आमच्या ऑफिसात दोन दावे आलेत. आतल्या गोटातली खबर आहे."

साडूंनी घाईघाईने फोन ठेवला. मी खूश होऊन सरावासाठी इस्त्रीच्या टेबलावर चढलो आणि हात पसरून लाट झेलू लागलो.

तेवढ्यात बायको आली. "खाली उतरा. ताईचा फोन होता. शार्क? डॉक्टर नाही? दोन माणसं गेली? आणि तिथे मला नेत होतात?"

खरं सांगावं, तर ते पाच मिनिटांत ताईकडे पोहोचणार. साडूंसमोर नाक कापलं जाणार. मी मधला मार्ग काढला.

"अगं, शार्क तसे लहान आहेत."

"लहान म्हणजे केवढे?"

सहल तिथेच बुडाली. सासूबाईंनीही फोन करून माझ्या अकलेची विचारपूस केली. समुद्राकाठची खोली फुकट जाऊ नये, म्हणून साडूंनी ती मोठ्या मनाने आपल्या नावावर करून घेतली. "आम्हाला धाडसाची सवय आहे," म्हणाले. त्यांना विमानतळावर मीच सोडलं.

परवा बेटावरून व्हिडिओ कॉल आला. साडू फळी बगलेत मारून उभे.

"शार्क नाहीत की काही नाही! लाटा गुडघ्याएवढ्या. दवाखाना खोलीच्या समोरच आहे." मग त्यांचा आवाज हळवा झाला. "तुम्हाला कुणीतरी चांगलंच गंडवलंय हो. तुम्ही पडलात भोळे."

फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे वळली. "कोण हो तो मेला?"

"ऑफिसातला एक आहे," मी म्हणालो. "विश्वासाचा वाटला होता."

जेवण संपेपर्यंत तिने त्या माणसाला शिव्या घातल्या. दोन-चार मीही घातल्या, अगदी मनापासून.