पुरणपोळीची पिशवी

गेल्या वैशाखात गावाने फेकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आपापल्या घरी परत येऊ लागल्या, आणि कुमुदिनीबाई सरपोतदारांची पिशवी मंगळवारी दुपारी ऐन चहाच्या वेळी आली.

सुरुवातीला लोकांनी दारं लावून घेतली होती. पण पिशव्या सभ्य. निमूट पायरीवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याने "कुणाची गं तू?" विचारलं की घराचं नाव सांगायच्या. त्यापेक्षा दार उघडलेलं बरं. शेवटी नगरपालिकेने नियमच केला, की आलेल्या पिशवीला ओसरीवर बसवावं, पाणी द्यावं आणि पालिकेच्या माणसासमोर तिची विचारपूस करावी. बँकेतल्या आपट्यांची पिशवी नाक्यावरच्या गटारात तुंबून बसलेली निघाली. दर पावसाळ्यात आपट्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायचं ते तिच्याचमुळे, आणि आपटे इतकी वर्षं पालिकेच्या नावाने बोटं मोडत होते.

कुमुदिनीबाई निर्धास्त होत्या. बाजारात त्या कापडी पिशवी नेत, महिला मंडळात त्यावर बोलतही. त्या दुपारी भिंतीपलीकडच्या शेवंताबाई धायगुडे त्यांच्या ओसरीवर बसल्या होत्या. चैत्रात त्यांची चांदी गाय पोट फुगून गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत प्लॅस्टिकच प्लॅस्टिक. तेव्हापासून शेवंताबाई रोज दुपारी इथे येऊन रडून मोकळ्या होत. "ज्यानं टाकलं त्याचं वाटोळं हुईल," त्या म्हणत, आणि कुमुदिनीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत, "अगदी होईल."

पिशवीबरोबर आरोग्य निरीक्षक खटावकर होते. त्यांनी घसा खाकरला.

"सरपोतदार वहिनी, ही आपली?"

"छे हो. आमच्याकडे कापडी असतात."

"गाठ बघा," पिशवी म्हणाली.

गाठ दुहेरी होती, वर फुलासारखी उमललेली. शेवंताबाईंनी ती लगेच ओळखली. दर दिवाळीला सरपोतदारांचा फराळ तशाच गाठीतून त्यांच्या घरी येई.

नियम होता, म्हणून कुमुदिनीबाईंनी विचारलं, "कुठे होतीस?"

"पोटात."

"कुणाच्या?" खटावकर म्हणाले. "पत्ता पूर्ण सांगावा लागतो."

"चांदीच्या."

पिशवीने पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे पुढे सांगितलं, "होळीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुरणपोळ्या माझ्यात भरल्या. मुंग्या लागू नयेत म्हणून गाठ मारली. गायीच्या मुखी लागू दे म्हणाल्या आणि भिंतीवरून टाकलं. मग हात जोडले."

खरंच जोडले होते. त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, तेही कुमुदिनीबाईंना आठवलं. अन्न वाया गेलं नाही, वर पुण्य. आता लाजेने त्यांची कानशिलं तापली. पदर तोंडाला लावावा, तर तेही नाटक दिसेल, म्हणून त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

"मी चांगलंच करायला गेले होते," त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य ऐकून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या पिशवीला म्हणाल्या, "लई तरास झाला का गं तिला?"

"झाला," पिशवी म्हणाली. "चारा माझ्यापाशी येऊन अडायचा. भूक लागायची तिला, पण जागाच नव्हती."

खटावकरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "विचारपूस पूर्ण झाली. आता निरोप. वहिनी, एक ध्यानात ठेवा. ती 'येते' म्हणेल. आपण स्पष्ट 'जा' म्हणायचं. सवयीने 'ये' म्हणालात तर ती पुन्हा येणार, मग पालिका जबाबदार नाही. अर्धा गाव असाच अडकलाय. दारातल्या पाहुण्याला 'जा' म्हणायला जीभच रेटत नाही कुणाची."

पण पिशवीच्या आधी शेवंताबाई उठल्या. त्यांच्या चहावर साय धरली होती. त्यांनी पदर खोचला, पायरी उतरून चपला घातल्या.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

कुमुदिनीबाई धडपडत उभ्या राहिल्या. असं नको म्हणूस, येते म्हण, एवढंच म्हणायचं होतं. कोणत्याही बाईने कोणत्याही बाईला म्हटलं असतं. पण ते म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. फाटकाची कडी वाजली, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडचं दार लागल्याचा आवाज आला.

"मीपण येते," पिशवी म्हणाली.

"जा म्हणा, वहिनी," खटावकर कुजबुजले.

कुमुदिनीबाईंनी तो न प्यायलेला चहा उचलला आणि पिशवीपुढे सरकवला.

"ये," त्या म्हणाल्या. "उद्याही ये. याच वेळेला."