चार नंबरची सर

थोरले मालक गेले तेव्हा मागे आठ ट्रक, एक मुलगा आणि ग्रीसचा एक रिकामा डबा ठेवून गेले. ट्रकांचं आणि मुलाचं कसंबसं चाललं होतं. मॅनेजरभाऊंच्या जिवावर उठला होता तो डबा.

डब्याचा नियम असा, की ताफ्यासाठी जुना ट्रक घ्यायचा झाला तर तो मिस्त्री, ड्रायव्हरमामा आणि मालक (म्हणजे आता तो मुलगा) अशा तिघांनी बघायचा. मग प्रत्येकाने आडोशाला जाऊन चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. तिन्ही 'हो' निघाले तरच सौदा. नियम वाईट नव्हता, पण 'हो' म्हणणाऱ्याची पुढे धडगत नसे. अकरा वर्षांपूर्वी तिघांच्या 'हो'ने आलेल्या एका ट्रकचा गिअरबॉक्स महिन्याभरात बसला. 'हो' तिघांचे असले तरी गिअरबॉक्स मिस्त्रींच्या गळ्यात पडला, आणि अजूनही त्यांनी कशाला चांगलं म्हटलं की कोणीतरी हळूच गिअरबॉक्सचं नाव काढतं. 'नाही' म्हणणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. न घेतलेला ट्रक कधी रस्त्यात बंद पडत नाही.

त्यामुळे गेल्या सात आठवड्यांत बावीस ट्रक बघून झाले होते आणि डब्यातून 'नाही'शिवाय काही निघालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या चार नंबरच्या जागी एक दहा चाकी हवा होता, एवढंच काम. पण प्रत्येक ट्रकभोवती फेरी मारून तिघंही एकच सुस्कारा टाकत: "चार नंबरची सर नाही."

भाऊंना हे ऐकून हसावं की रडावं कळत नसे. चार नंबर महिन्यातून दोनदा रस्त्यात बसायची आणि फोन भाऊंनाच यायचा. पण गेलेल्या माणसाचे आणि विकलेल्या ट्रकचे दोष काढू नयेत, म्हणून ते गप्प बसत.

आता मात्र गप्प बसणं परवडणारं नव्हतं. परगावी त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. बायको महिनाभर आधीच तिकडे गेली होती. आणि मालकांनी सांगून टाकलं होतं, "ट्रक आला की रजा. त्याआधी नाही." बायकोचा रोज सकाळी फोन यायचा.

"अहो, डॉक्टर म्हणतात आता कधीही."

"येतोच. आज तेविसावा बघायचाय."

"बघा बाई. तुमचा ट्रक आधी येतो की माझं नातवंड." मग आवाज उतरायचा. "ती सारखी विचारते हो, बाबा कधी येणार."

हे ऐकलं की भाऊ घाईघाईने फोन ठेवायचे. मुलीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते चार नंबरच्या पंक्चरमुळे गेले नव्हते. तिच्या लग्नातही अर्धा वेळ फोनवर होते.

तेविसावा ट्रक खरोखर चांगला होता. भाऊंनी दोन दिवस आधीच जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊन, कंबर दुखत असताना गाडीखाली शिरून तो बघितला होता. एकाच मालकाने वापरलेला, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण, इंजिन थंड असतानाही एका दमात सुरू होणारं. माल भरून चढावर नेला तरी धापा टाकत नव्हता.

तिघं आले. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून नाक लावलं आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं.

"धूर नाही," ते म्हणाले.

"मग चांगलं की," भाऊ म्हणाले.

"इतक्या जुन्या गाडीला धूर नाही? काहीतरी लपवलंय."

मामा वर चढून बसले, क्लच दाबला, खाली उतरले. "क्लच फार हलका आहे. पायाला गाडी असल्यासारखं वाटत नाही."

मालकांनी दोन टायरांना लाथा मारल्या. ट्रक बघायची त्यांची तेवढीच पद्धत होती. "बाबा असते तर..." एवढं म्हणून ते थांबले. मग तिघांनी मिळून सुस्कारा टाकला, "चार नंबरची सर..."

"ही चार नंबरच आहे," भाऊ म्हणाले.

हे आपणच बोललो, हे भाऊंना जरा उशिराच कळलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी डिझेलच्या पावतीतही कधी खोटं लिहिलं नव्हतं. खरी चार नंबर त्यांनीच भंगारात विकली होती आणि तिची केबिन आता एका गोदामाच्या फाटकावर चौकीदाराची खोली होती. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा दमणूक मोठी होती.

"आपली?" मालक.

"आपलीच. रंग नवा, मागचा हौदा नवा. इंजिनाचं काम झालंय. म्हणून ओळखू येत नाही."

मग मामा पुन्हा वर चढले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसले.

"तरीच!" ते म्हणाले. "बसल्या बसल्या पाठ म्हणाली होती, ही सीट ओळखीची आहे."

मिस्त्री चासीखाली वाकले. "हे वेल्डिंग माझं! लाखात ओळखेन."

मालकांनी लाथ मारलेल्या टायरवरून हात फिरवला. "बाबांनी पसंत केलेली गाडी," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

डब्यातून तीन 'हो' निघाले. भाऊंनी चिठ्ठ्या दोनदा उलटून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं झाली आणि दुपारी मामांनी ट्रक ऑफिसच्या दारात आणून लावला. किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी दार लोटून घेतलं.

"भाऊ, एक बोलू? त्या दोघांना सांगू नका. चार नंबरचा दुसरा गिअर दोन हातांनी ओढायला लागायचा. हिचा नुसत्या बोटाने पडतो. ही चार नंबर नव्हे."

भाऊंचे कान तापले. "मग 'हो' का लिहिलंत?"

"माझे गुडघे गेलेत हो, भाऊ. अजून किती ट्रकांवर चढू? आणि उद्या बिघडलीच, तर पसंत थोरल्या मालकांची."

ते गेले आणि मिस्त्री आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "मामांच्या कानावर घालू नका. ते वेल्डिंग माझं नाही."

"खात्री आहे?"

"माझं इतकं चांगलं होत नाही." मिस्त्री जरा घुटमळले. "पण आता या गाडीच्या गिअरबॉक्सवरून माझं नाव कोणी काढणार नाही ना?"

"नाही काढणार," भाऊ म्हणाले. त्यांना मिस्त्रींची दया आली आणि थोडी स्वतःचीही.

शेवटी मालकांनी बोलावलं. रजेचा अर्ज सहीसाठी समोरच होता. शेजारी ट्रकचे कागद होते, आणि पहिल्या मालकाच्या नावावर मालकांचं बोट होतं. ते नाव थोरल्या मालकांचं नव्हतं.

"मला वाचता येतं, भाऊ."

रजा गेली, बहुधा नोकरीही गेली, आता लेकीला काय सांगायचं, एवढंच भाऊंच्या डोक्यात फिरत होतं.

मालकांनी कागदांची घडी घालून ते खणात टाकले आणि अर्जावर सही केली. "त्या दोघांना कशाला सांगायचं? खूश आहेत बिचारे. पोरीला माझे आशीर्वाद सांगा. पंधरा दिवस फोन बंद ठेवा."

"येतो, मालक." भाऊ कसेबसे म्हणाले आणि दाराशी पोचले.

"आणि हो," मालक मागून म्हणाले, "आल्यावर अजून एक ट्रक बघायचाय. आपली जुनी नऊ नंबर कुठे मिळते का बघा."

ताफ्यात आजवर आठाच्या पुढे नंबर गेलाच नव्हता. भाऊंनी वळून पाहिलं. मालक अगदी गंभीर चेहऱ्याने डब्याचं झाकण घट्ट लावत होते.

"बघतो," भाऊ म्हणाले आणि पिशवी उचलून बसस्टँडच्या दिशेने चक्क धावत सुटले.