अंजनाबाईचा अडकित्ता

रंजीता सिस्टर लेकरांची वजनं करायला घरी यायच्या दर गुरुवारी, आणि नेमक्या या आठवड्यात बुधवारीच उगवल्या. गुरुवारी गावात मंडईची जत्रा, रात्री वडश्याच्या नाटक कंपनीचा खेळ. त्या गर्दीत लेकरं मोजायची कुठं, म्हणून एक दिवस आधी. सिस्टरांचं बरोबरच होतं. पण अंजनाबाई त्या वेळी शेतावर मळणीला, धान चुरायला गेलेली, आणि तिचा अडकित्ता तिच्या कमरेच्या बटव्यात. सगळा घोटाळा झाला तो इथंच.

त्याचं असं, की अंजनाबाईची नात सव्वा महिन्याची. तिला झोळीत घालून, छपराच्या मयालीला टांगलेल्या काट्यावर चार बायांच्या नजरेसमोर लोंबकळत ठेवायचं, हे म्हातारीला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड असतं ते काय उगीच? मग अधांतरी लटकणाऱ्या लेकराजवळ नको? सिस्टरांना विचारलं तर त्या नाही म्हणतील, म्हणून तिनं विचारलंच नाही. दर वेळी "थंडी हाय वो, मीच ठेवतो," म्हणत ती नातीला दुपट्यात गुंडाळायची आणि घडीत आपला सासूच्या वेळचा दणकट लोखंडी अडकित्ता सरकवायची. सिस्टर दुपट्याचे शंभर ग्रॅम इमानदारीनं वजा करायच्या. अडकित्त्याचे करणार कशा? आणि काटा अडकित्त्यालाही मोजतो, हे काही म्हातारीच्या ध्यानात आलं नव्हतं.

सिस्टर आल्याचा निरोप मिळताच ती पळत सुटली. पण धापा टाकत घरी पोचली तेव्हा सून चंदा भिंतीला टेकून रडत होती आणि सिस्टर फोनवर ओरडत होत्या.

"गाडी पाठवा! हो, आत्ताच! आठवड्यात अडीचशे ग्रॅम उतरलंय बाळ!"

"काय झालं वो?" अंजनाबाईनं दारातूनच विचारलं.

"आजी, मागच्या गुरुवारी दोन किलो नऊशे होती पोरगी. आज दोन सहाशे पन्नास! दूध पिते का नाई?"

"पिते ना वो! रात्रभर पिते," चंदा हुंदका देत म्हणाली. "आई, पोरीले ठेवून घेतीन आता दवाखान्यात. काचेच्या पेटीत!"

अंजनाबाईचा हात कमरेच्या बटव्यावर गेला आणि तिथंच थांबला. आता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. पण दारात अर्धं गाव जमलेलं. सगळ्या बाळंतिणी जिला विचारून पावलं टाकतात, तिनं चारचौघांत सांगायचं काय? तिनं दुसराच रस्ता काढला.

"काटा नीट लागला नसन सिस्टर. एक डाव पुन्हा मोजा. मी ठेवतो तिले."

ठेवलं. काटा सरसर खाली आला. तीन किलो पन्नास!

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दहा मिनिटांत चारशे ग्रॅम?"

"आजीचा हात लागला ना," अंजनाबाई खाली बघत म्हणाली.

झालं! दारातल्या बाया एकदम आत घुसल्या. "आजी, माह्या पोराले हात लावजा वो!" "पयले माह्या!" सिस्टरांनी मिठाची किलोची पुडी टांगून पाहिली, तर काटा बरोबर एक किलो दाखवत होता. त्यांना घाम फुटला. त्यांनी पोरीला झोळीतून उचललं, आणि दुपट्याच्या घडीतून अडकित्ता घसरला तो थेट त्यांच्या अंगठ्यावर पडला.

"अगं आई गं!" सिस्टर एका पायावर नाचल्या. मग त्यांनी अडकित्त्याकडे पाहिलं, मग अंजनाबाईकडे. "आजी, हे काय?"

"लोखंड हाय," अंजनाबाई पुटपुटली. "नजर नाई लागत."

"आणि मागच्या गुरुवारी?"

"तवाही होतं."

सिस्टरांनी मुकाट्यानं अडकित्ता काट्याला टांगला. चारशे ग्रॅम. त्यांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला, आणि त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे तेव्हा अडीच होती! आज दोन सहाशे पन्नास! चंदा, अवो दीडशेनं वाढली तुझी पोरगी!"

चंदानं लेकीचे पटापटा मुके घेतले. आनंदानं तिला रडू की हसू तेच कळेना. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडीवाला विक्की आत आला. "पेशंट कुठी हाय?"

"तीस किलोमीटर जंगलातून बोलावली गाडी," सिस्टर अंजनाबाईवर कडाडल्या. "आता काय अडकित्त्याले न्यायचं?"

सगळ्या हसल्या. हसली नाही ती फक्त शेजारची सुकरी. बारा दिवसांचं पोर तिच्या कुशीत होतं. तिनं हळूच त्याच्या दुपट्यातून पेटीचं भलंमोठं कुलूप काढलं.

"मलेही आजीनंच सांगतलं होतं. मागच्या गुरुवारी तुमी मोजलं तवा..."

सिस्टरांचं हसू मावळलं. वहीत सुकरीच्या पोराचं वजन दोन किलो पन्नास होतं. त्यांनी पोर स्वतःच्या हातानं झोळीत ठेवलं. एक किलो सातशे.

"बस गाडीत," सिस्टर सुकरीला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

"वाचन ना वो?" सुकरीनं विचारलं.

"वाचेल. आज कळलं म्हणून. आजी आज शेतावर गेल्या नसत्या तर कोणाले पत्ता लागला नसता."

गाडीच्या दारात अंजनाबाईनं सुकरीच्या मुठीत अडकित्ता कोंबला. "कुलपापरीस हा बरा. चार पिढ्यांचा हाय."

सिस्टरांनी ते पाहिलंच. म्हातारीला वाटलं, आता हिसकावतात. पण सिस्टर म्हणाल्या, "राहू दे उशाशी. वजनाच्या टायमाले तेवढा माझ्या हातात द्यायचा. समजलं?"

गाडी धूळ उडवत गेली. अंजनाबाई ओट्यावर टेकली, बटव्यातून सुपारी काढली, सवयीनं अडकित्ता चाचपला आणि थबकली. मग तिनं अख्खी सुपारी गालात ठेवून दिली.

"आई, दगडानं फोडून देऊ?" चंदानं विचारलं.

"राहू दे वो," अंजनाबाई गाल फुगवून म्हणाली. "ते लेकरू दोन किलोचं होयेपर्यंत मी अशीच चघळतो."