येळ्ळूरकरांची चोवीस गुणसूत्रं

डॉक्टर येळ्ळूरकर कुठलाही छापील कागद शेवटाकडून वाचायचे. मग ते शास्त्रीय मासिक असो, संचालकांचं परिपत्रक असो, नाहीतर लग्नपत्रिका. माझ्या धाकट्या बहिणीची पत्रिका मी त्यांना दिली, तेव्हा त्यांनी आधी निमंत्रकांची नावं वाचली, मग मुहूर्त, मग वधूवर, आणि सगळ्यात शेवटी गणपतीला नमस्कार केला. पत्रिकेची घडी घालत म्हणाले, "नावं भरपूर आहेत की, कमलअक्का. संदर्भ मात्र एकपण नाही."

मी तेव्हा बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत ग्रंथालय सांभाळत होते. डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. बेळगावकडचा माणूस, सगळ्या बायका त्यांना अक्काच. त्यांचा विषय पेशींचा. परदेशी मासिकं बोटीनं यायची, त्यामुळे ताजा अंक म्हणजे तीन महिन्यांचा शिळा. गुरुवारी गठ्ठा फोडला की डॉक्टर हजर. मी सुतळी कापेपर्यंतही त्यांना धीर नसे.

शेवटाकडून वाचायचं कारण साधं होतं. शास्त्रीय लेखाच्या शेवटी, लिहिणाऱ्यानं आधीच्या कुणाकुणाचं काम वापरलं, त्याची यादी असते. त्या यादीत आपलं नाव येणं म्हणजे जगात कुणीतरी आपलं वाचलं. डॉक्टर त्याला 'दखल' म्हणायचे. बोट यादीवरून खाली सरकायचं, शेवटच्या नावाशी थांबायचं, आणि ते अंक मिटून म्हणायचे, "नाही घेतली. घेतील की. घाई कुणाला आहे?" घाई त्यांनाच होती, हे सगळी संस्था जाणून होती.

संदर्भाशिवाय त्यांचा कशावरही विश्वास नव्हता. चहाच्या वेळी कुणी म्हणालं, म्हैसूरची गाडी आज उशिरा आली, की लगेच, "संदर्भ?" शिपायानं सांगितलं, संचालकसाहेब रजेवर आहेत, "संदर्भ?" शिपाई बिचारा कानडी. तो 'संदर्भ' ही साहेबांची एखादी खोकल्यासारखी खोड समजून "सरी, सार", म्हणजे 'बरं, साहेब', म्हणून निघून जायचा.

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा कायम जांभळा असे. रोपाच्या मुळाचं टोक रंगात बुडवायचं, काचेवर ठेवायचं, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं, म्हणजे पेशी चपट्या होऊन आतली गुणसूत्रं मोजता येतात. गुणसूत्रं म्हणजे पेशीच्या पोटातले दोऱ्यांसारखे तुकडे. पोस्टातला नवा कारकून तो अंगठा बघून रजिस्टरची पावती पुढे सरकवताना शाईची गादीच द्यायला लागला. डॉक्टरांनी मुकाट्यानं अंगठा उठवला. "दोन मिनिटं वाचली की," मला म्हणाले.

नाव व्हावं असं त्यांच्या हातून एकच काम झालं होतं. बेळ्ळंदूरच्या तळ्यात एक पाणवनस्पती मिळायची, तिची गुणसूत्रं त्यांनी मोजली: चोवीस. मोजायला हाताशी सुमित्रा नावाची विद्यार्थिनी होती. बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातली, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. ती म्हणायची बावीस. डॉक्टर म्हणायचे चोवीस, कारण एका जाडजूड जर्मन ग्रंथात त्या कुळातल्या झाडांना चोवीसच लिहिली होती. "पुन्हा मोज," ते म्हणायचे. ती पुन्हा मोजायची. महिनाभरानं तिनं चोवीस लिहिलं, दोघांच्या नावानं लेख छापून आला, आणि ती संस्था सोडून गेली. लग्न ठरलं असेल, असं आम्ही म्हटलं. आम्हांला बाईमाणूस गेली की दुसरं कारण सुचत नसे.

पुढं सात वर्षं डॉक्टरांनी त्या लेखाची दखल कुणी घेतं का, याची वाट पाहिली.

आणि एका गुरुवारी बोट थांबलं. "अक्का," ते म्हणाले, "बघा. मलाच दिसायलंय, का खरंच आहे?" खरंच होतं. येळ्ळूरकर, आणि शेजारी सुमित्रेचं नाव. मी इतकी वर्षं पाठीमागे त्यांची थट्टा केली, पण त्या क्षणी मलाही भरून आलं. डॉक्टरांनी शिपायाला मैसूरपाक आणायला पिटाळलं, सगळ्या खात्यांना बोलावलं, आणि स्वतः खुर्चीत बसून तो लेख वाचायला लागले. अर्थातच शेवटाकडून.

त्यामुळे झालं असं, की मैसूरपाक आला, वाटला गेला, लोक तोंड भरून अभिनंदन करायला लागले, आणि तेव्हा कुठे डॉक्टर आपलं नाव जिथं आलं होतं त्या पानापाशी पोचले. तिथं लिहिलं होतं, या वनस्पतीची गुणसूत्रं बावीस आहेत. पूर्वी चोवीस सांगितली गेली, ती चूक असावी.

डॉक्टरांनी अंक मिटला. "खा, खा," सगळ्यांना म्हणाले. स्वतः मात्र हातातला तुकडा बशीत ठेवला.

चार दिवस ते ग्रंथालयात फिरकले नाहीत. जुन्या काचा काढून मोजत बसले होते. पाचव्या दिवशी आले, उभ्या उभ्याच बोलले. "बावीस. दोन लांब दोरे माझ्या अंगठ्याखाली तुटले होते. एकाचे दोन दिसत होते. त्या पोरीचा हात हलका, तिच्या काचेवर तुटले नव्हते. तिनं बरोबर मोजलं होतं, आणि मी तिच्याकडून खोटं लिहवून घेतलं." मग म्हणाले, "तो अंक पाहिजे. तिला दाखवायचाय."

नवा अंक बाहेर न्यायचा नाही, हा नियम होता. नियम मोडला तरी मी डोळेझाक करायला तयार होते, पण डॉक्टरच तयार नव्हते. शेवटी तोड निघाली: अंक माझ्या ताब्यात, आणि मी डॉक्टरांबरोबर. असे आम्ही तिघं यशवंतपूरच्या बसमध्ये बसलो.

सुमित्रा तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवते, हे तिच्या घरच्यांकडून कळलं होतं. लग्नबिग्न काही झालेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत आम्हांला बघून ती उठून उभी राहिली. "सर? नीवू? तुम्ही इथं?"

डॉक्टरांनी अंक उघडून तिच्यापुढे ठेवला, आणि खिशातून एक कागद काढला. मासिकाला पाठवायच्या दुरुस्तीपत्राचा तो मसुदा होता. बरोबर मोजणी कुमारी सुमित्रा यांनीच केली होती, मी अधिकाराच्या जोरावर त्यांना चूक लिहायला लावलं, असं त्यात होतं. तिनं तो वाचला, टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि दुसरं वाक्य खोडून टाकलं.

"हे खोटं आहे, सर."

"खोटं कसं? मीच लावलं की लिहायला!"

"माझी सही आहे त्याच्यावर. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी घाबरले. 'दोघांची चूक' असं लिहा."

"तुझी काय चूक? अधिकारी मी!"

"आणि मोजणारी मी!"

डॉक्टरांनी पेन्सिल हिसकावून घेतली आणि खोडलेलं वाक्य परत लिहिलं. तिनं परत खोडलं. आवाज चढले. बाकीच्या शिक्षिका वह्या तपासायच्या थांबल्या. घंटा झाली, तरी ती वर्गावर जाईना आणि हे खुर्ची सोडेनात. मी अंक छातीशी धरून मधे पडायचं की नाही, याचा विचार करत होते, आणि तेवढ्यात माझं डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. मैसूरपाकाच्या दिवशी, नाव दिसलं त्या क्षणीही, मी त्यांना इतकं आनंदी बघितलं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाई येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे भांडण मिटलं. मसुदा सुमित्रेनं आपल्या पर्समध्ये टाकला. "मी नीट लिहून पोस्टानं पाठवते, सर. तुम्ही परत बदलाल, मला माहिताय."

"बदलणारच," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सात वर्षं झाली, अक्का. तेव्हापासून मला कुणी 'तुम्ही चुकता' म्हणून म्हणालेलं नाही. सगळे 'होय सर' म्हणतात आणि निघून जातात."

मीही सात वर्षं त्यांना 'होय डॉक्टर'च म्हणत आले होते.